माय पान्हा चोरत नाही

चौतीस वर्षं मी नर्स होते. १९८७ पासून लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात. १९९४ मध्ये यजमानांच्या नोकरीमुळे बदली झाली, तेव्हापासून निवृत्तीपर्यंत नांदेड जिल्ह्यात, मुखेडच्या बाजूला. या सगळ्या वर्षांत एक वाक्य मी इतक्या दारांत ऐकलं, की त्याचा हिशोब ठेवणं शक्य नव्हतं: “हिच्या अंगावर दूधच न्हाई.” सासू म्हणायची, नवरा म्हणायचा, बघायला आलेली शेजारीण म्हणायची, आणि आठ-पंधरा दिवसांनी बाळंतीण स्वतःच म्हणायला लागायची. लेकरू रडलं, झोपलं नाही, काट्यावर भरलं नाही, की खोट दुधात. म्हणजे तिच्यात.

दूध कसं बनतं, कसं सुटतं आणि लेकराच्या पोटात गेल्यावर काय काय सांगतं, हे मला एकदम कळलं नाही. काही प्रशिक्षणांत कळलं, काही पुस्तकांत, बरंचसं बाळंतिणींच्या खाटेशी बसून. जसं शिकत गेले तसं लिहिते आहे.

१. गाईला जे देतो ते बाईला द्यावं

माझं माहेर कंधार तालुक्यातलं. घरी लाल कंधारी गाई होत्या. आमचे आजोबा धार काढायला बसायचे तेव्हा आधी वासरू सोडायचे. वासरानं दोन ढुशा दिल्या, चार घोट घेतले, की गाय पान्हवायची. मग वासरू बाजूला बांधून धार. नवा गडी बसला, कुत्रं भुंकलं, पोरं ओरडली, तर कास भरलेली असूनही भांड्यात काही पडायचं नाही. आजोबा म्हणायचे, “पान्हा चोरायलीय ती. गप बसा रे.” एकदा एका गाईचं वासरू मेलं, तर त्याच्या कातड्यात भुसा भरून ते तिच्यापुढे ठेवलेलं मी पाहिलं आहे. गाय ते चाटायची आणि पान्हा सोडायची.

पुढे नर्सिंगला कळलं, की आजोबा ज्याला पान्हा म्हणत त्यामागे एक हार्मोन आहे, ऑक्सिटोसिन. लेकरानं ओढलं की तो निरोप मज्जातंतूंवाटे आईच्या मेंदूत जातो, मेंदूच्या बुडाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं आणि दुधाच्या पिशव्यांभोवतीचे बारीक स्नायू आवळले जाऊन दूध पुढे ढकललं जातं. त्याच वेळी दुसरं हार्मोन, प्रोलॅक्टिन, वाढतं. आत्ताचं दूध ऑक्सिटोसिन सोडतं, पुढच्या वेळचं प्रोलॅक्टिन बनवून ठेवतं. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ऑक्सिटोसिनची रचना उलगडून १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केलं आणि १९५५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मला मात्र या साऱ्यात एकच गोष्ट टोचली. गाय पान्हवावी म्हणून आमच्या घरात सगळे गप बसायचे. बाळंतिणीच्या खोलीत मात्र दहा बायका बसून “येतंय का दूध? दाबून बघ की” करायच्या. गाईच्या वाट्याला येणारी शांतता बाईच्या वाट्याला येत नव्हती. तेव्हापासून बाळंतिणीच्या खोलीत शिरले, की माझं पहिलं काम लोकांना बाहेर काढणं.

२. खरवस वाटतो, आणि चीक फेकतो

गाय व्याली की चीक जपून काढायचा, गूळ-वेलदोडा घालून खरवस करायचा आणि गल्लीभर वाटायचा. त्याच घरातली सून बाळंत झाली की तिचा चीक मात्र पिळून टाकायचा, “घाण दूध आहे” म्हणून. तीन दिवस लेकराला मध, गूळपाणी नाहीतर शेळीचं दूध. नव्वद सालापर्यंत हे मी घरोघर पाहिलं.

चीक असतो चमचा-दोन चमचे. म्हणून घरच्यांना तो दूध वाटत नाही. पण तो पोट भरायला नसतोच. त्यात रोगापासून राखणारी द्रव्यं दाटीनं असतातच, शिवाय आतड्याचं अस्तर वाढवणारी, पक्कं करणारीही असतात. त्यातल्या एका वाढ-घटकाचा, ईजीएफचा, शोध लावणारे स्टॅन्ले कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं. इन्सुलिनही आईच्या दुधात असतं. ते लेकराच्या आतड्यावर काम करतं, आतडं पिकवतं. डब्याच्या दुधात ते जवळपास नसतंच. नवं घर बांधताना आधी जमीन चोपून घेतात, तसं हे काम. मी सासवांना हार्मोन सांगत बसले नाही. “मावशी, गाईचा चीक गोड आन् सुनेचा घाण, असं कसं?” एवढंच विचारायची. बऱ्याच जणी हसायच्या आणि लेकरू सुनेच्या हातात द्यायच्या.

३. भीतीनं दूध संपत नाही, अडतं

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हलली. आम्ही उपकेंद्रातून सकाळी निघालो. किल्लारी, मंगरूळ आणि आसपासच्या गावांत दगड-मातीच्या घरांचे ढीग झाले होते. त्यावर पाऊस. काय पाहिलं ते इथे लिहीत नाही.

चौथ्या की पाचव्या दिवशी ताडपत्रीखाली एक बाई भेटली. तिची थोरली मुलगी आणि सासू गेल्या होत्या. पाच महिन्यांचा मुलगा वाचला होता. तो छातीला लागायचा, ओढायचा, तोंड काढून किंचाळायचा. ती कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, “बाई, पान्हा गेला माझा. धरणीनं नेला.” मदतीच्या सामानात दुधाच्या भुकटीची पाकिटं होती. एका कार्यकर्त्यानं चांगल्या मनानं पाकीट पुढे केलं. पाणी उकळायला चूल नव्हती, आणि त्या पाण्यावर कुणाचा भरवसा नव्हता.

आमच्याबरोबर एक म्हातारी दाई होती. तिनं पाकीट बाजूला ठेवलं. बाईच्या मागे बसली, तिला आपल्या छातीवर रेलून घेतलं आणि पाठीच्या कण्यालगत दोन्ही अंगठ्यांनी हळूहळू चोळत राहिली. लेकरू उघडं करून आईच्या उघड्या छातीवर घातलं, वरून घोंगडी. काही बोलली नाही. दुपार गेली. संध्याकाळी बाईला रडू फुटलं, आणि त्या रडण्यातच लेकराच्या गिळण्याचा आवाज यायला लागला. घुटुक, घुटुक. तो आवाज मी अजून विसरले नाही.

याचं उत्तर मला खूप नंतर मिळालं. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या एली आणि पीटरसन या संशोधकांनी गाईंवर प्रयोग केले होते. गाय घाबरली की तिच्या रक्तात ॲड्रेनलिन चढतं आणि कास भरलेली असूनही दूध उतरत नाही. १९४८ मध्ये मायकेल आणि नाइल्स न्यूटन या दांपत्यानं हेच बाईच्या बाबतीत तपासलं. नाइल्स यांनी प्रयोग स्वतःवरच करून घेतला. पाजताना पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले, अवघड गणितं विचारून घेतली, आणि दूध बरंच घटलं. तसाच त्रास चालू ठेवून ऑक्सिटोसिन टोचलं, तर दूध जवळजवळ पूर्वीइतकं आलं. म्हणजे दूध आत होतं. वाट बंद होती. दाईच्या अंगठ्यांनी ती वाट उघडली.

पण वाट फार दिवस बंद राहिली तर साठलेलं दूधच नव्या दुधाला थांबवतं. अडलेलं दूध मग खरंच आटतं. म्हणून अशा वेळी पहिले दोन-चार दिवस लाखमोलाचे असतात, आणि नेमके त्याच दिवसांत बाटली पुढे येते.

४. खरंच दूध नसतं, तेव्हाही ती चोर नसते

“सगळ्यांनाच दूध येतं” हे वाक्य मी पूर्वी ठासून सांगायची. आता सांगत नाही.

१९९१ च्या सुमाराला एका वाडीत एक बाळंतपण घरीच झालं. वार लवकर पडली नाही, रक्त इतकं गेलं की खाटेखालची जमीन भिजली. बाई वाचली, पण दुधाचा थेंब आला नाही. छाती भरलीसुद्धा नाही. चुलत जाऊबाईनं लेकरू आपल्या अंगावर पाजलं, म्हणून ते जगलं. गाव म्हणायचं, हिच्या अंगात मायाच नाही. तिची पाळी परत आली नाही, केस झडले, मे महिन्यात ती गोधडी घेऊन बसायची. आळशी म्हणून तिची ओळख झाली.

बारा वर्षांनी लातूरला एका डॉक्टरांनी तिला नीट विचारलं, “बाळंतपणात रक्त किती गेलं होतं?” आणि रोग ओळखला. गरोदरपणात पिट्यूटरी ग्रंथी वाढलेली असते. असते ती हरभऱ्याएवढीच. अंगातलं रक्त एकदम ओसरलं की तिला रक्त पुरत नाही आणि तिचा भाग मरतो. मग प्रोलॅक्टिन नाही, म्हणून दूध नाही, आणि थायरॉइडला, पाळीला, अंगातल्या स्टेरॉइडला हुकूम देणारंही कुणी उरत नाही. हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये हे वर्णन लिहून ठेवलं, म्हणून त्याला शीहानचा आजार म्हणतात. गोळ्या सुरू झाल्यावर महिन्याभरात ती शेतात जायला लागली. मला भेटली तेव्हा म्हणाली, “बाई, माया होती वो माझ्यात. कुणी इचारलंच न्हाई.”

मीही विचारलं नव्हतं. तेव्हापासून दूध अजिबात उतरलं नाही असं दिसलं, की रक्तस्राव किती झाला, थायरॉइड तपासलं का, वारेचा तुकडा आत राहिला नाही ना, हे मी आधी विचारते. दूध वाढवणाऱ्या लाडवांचा विषय नंतर.

५. तहान आईची भागवावी

२०१६ च्या फेब्रुवारीत माझी मुलगी लातूरला बाळंत झाली. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ तारखेला पहिली गाडी पोचली, पाच लाख लिटर घेऊन. तिच्या गल्लीत घागरींची रांग पहाटे तीनला लागायची.

घरात पाणी मोजून, आणि ऊन असं की भिंतीला हात लावू वाटू नये. विहीणबाई म्हणाल्या, “ताई, लेकराचा घसा सुकायलाय. दोन चमचे पाणी देऊ या.” त्यांचं बोलणं मायेचं होतं. मी त्यांना सांगितलं, की आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. लेकराला हवं तेवढं पाणी त्यातूनच मिळतं, आणि चमच्यानं पाणी दिलं तर पोट फुगतं, ओढणं कमी होतं, ओढणं कमी झालं की प्रोलॅक्टिनला निरोप जात नाही. पण त्याच वेळी माझ्या लक्षात आलं, की माझी मुलगी स्वतःच पाणी पीत नव्हती. घरच्यांना पुरावं म्हणून. आमच्याकडे बाळंतिणीला पाणी कमीच द्यायची रीत, त्यात हा दुष्काळ. मी तिच्या नावाचा तांब्या वेगळा भरून उशाशी ठेवला आणि त्याला कुणी हात लावायचा नाही असं सगळ्यांसमोर सांगितलं. दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध बनवणाऱ्या बाईला पाणी लागतं आणि नेहमीपेक्षा पाचशे-सहाशे उष्मांकांचं अन्नही जास्त लागतं. ज्वारीच्या दोन भाकरी आणि वाटीभर डाळ एवढा तो हिशोब. डिंकाचे, अळिवाचे लाडू मी जरूर करते. पण लाडवावर बाळंतीण उपाशी ठेवू नये.

६. रात्रीचं दूध रात्रीचं असतं

मुलगी खासगी शाळेत शिकवायची. तेव्हा रजा बारा आठवड्यांचीच होती. सव्वीस आठवड्यांचा कायदा पुढच्या वर्षी, १ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. रजेला उन्हाळ्याची सुट्टी जोडून जूनमध्ये ती कामावर गेली. दूध काढून ठेवायला लागली आणि मी वाट्यांवर पेनानं वेळ लिहायला लागले. विहीणबाईंना वाटलं, नासू नये म्हणून. तेही होतंच. पण कारण दुसरंही होतं.

आईच्या दुधात झोपेचं हार्मोन असतं, मेलाटोनिन. दिवसा ते जवळपास नसतं, रात्री वाढतं. उलट कॉर्टिसॉल, जागं करणारं, पहाटे-सकाळी जास्त असतं. नवजात लेकराला दिवस-रात्र कळत नाही. त्याचं घड्याळ लागायला दोन-तीन महिने जातात. तोवर आईचं घड्याळ दुधातून त्याच्यापर्यंत पोचत असतं. म्हणून रात्री काढलेली वाटी रात्री, सकाळची सकाळी. त्यानं फार मोठा फरक पडतो असा माझा दावा नाही, पण पेनाची एक रेघ ओढायला काय जातं?

रात्री पाजण्याचा दुसरा फायदा पक्का आहे. प्रोलॅक्टिन रात्री जास्त वाढतं. रात्रीचं पाजणं तोडून “तिला झोपू द्या” म्हणत बाटली लावणारी घरं मी पाहिली, आणि पंधरा दिवसांत तिथेच “दूध कमी झालं” हेही ऐकलं. झोपू द्यायचंच असेल तर दिवसा द्या. धुणी-भांडी दुसऱ्यानं करावीत.

७. काट्यावरच्या आकड्याला प्रश्न विचारावा

ही माझी चूक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय बाकीचं लिहिण्याचा मला अधिकार नाही.

१९९६ मध्ये मुखेड तालुक्यातल्या एका तांड्यावर चार महिन्यांची मुलगी होती. निव्वळ अंगावर पिणारी, टवटवीत, नजरेला नजर देणारी. वजन ५ किलो २०० ग्रॅम. तीन महिन्यांपर्यंत तिची रेषा छान चढली होती, मग जरा वळली. मी आईला म्हणाले, “दूध पुरेना गेलंय, वरचं सुरू कर.” तेव्हा चार ते सहा महिन्यांत वरचं द्यावं असंच आम्हाला शिकवलेलं होतं. म्हशीचं दूध, अर्धं पाणी, बाटली. महिन्याच्या आत जुलाब. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात सलाईनवर तिला पाहिलं तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते. मुलगी वाचली. तिच्या आईनं मला एका शब्दानं दुखवलं नाही, त्यामुळे ते जास्त लागलं.

सहा महिने निव्वळ आईचंच दूध, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस २००१ ची. आणि २००६ मध्ये त्यांचे नवे वाढीचे तक्ते आले. त्याआधी जगभर चालणारी मोजमापं अमेरिकेतल्या मुलांची होती, त्यांतली बरीच बाटलीच्या दुधावर वाढलेली. नव्या तक्त्यांसाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली साडेआठ हजारांच्या आसपास मुलं मोजली. आपल्याकडची दिल्लीतली. मुख्य मोजणी आईचं दूध पिणाऱ्या मुलांची. आणि दिसलं असं, की अंगावर पिणारं लेकरू पहिले दोन-तीन महिने झपाट्यानं भरतं, मग बाटलीवरच्या लेकरापेक्षा सावकाश. ती रेषा वळणं रोग नव्हे, ते त्याचं चालणं आहे. या तक्त्यांच्या प्रशिक्षणाहून परत आल्यावर मी जुन्या वहीतून त्या मुलीचं वजन काढलं आणि नव्या कार्डावर टिंब दिलं. हिरव्या, म्हणजे निरोगी, पट्ट्यात पडलं.

सावकाश का वाढतं, याचं एक उत्तर दुधातल्या हार्मोन्समध्ये शोधलं जातंय. १९९४ मध्ये न्यूयॉर्कला जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं लेप्टिन शोधलं. हे अंगातल्या चरबीतून निघतं आणि मेंदूला “पोट भरलं, साठा आहे” असं सांगतं. तीन वर्षांत ते आईच्या दुधातही सापडलं. मग ॲडिपोनेक्टिन सापडलं, भुकेचं घ्रेलिनही सापडलं. आईच्या अंगावर चरबी जास्त तर दुधात लेप्टिन जास्त. काही अभ्यासांत असं दिसलं, की ज्यांच्या दुधात लेप्टिन किंवा ॲडिपोनेक्टिन जास्त त्यांची लेकरं पहिल्या महिन्यांत जरा हळू भरतात. सगळ्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. म्हणून कुणी “दूध तपासून देतो, हार्मोन वाढवून देतो” म्हणालं तर पैसे देऊ नयेत. पण दूध पोट भरण्याबरोबर लेकराला थांबायलाही शिकवत असावं, असं मला वाटतं. बाटलीत उरलेलं शेवटचं दूध आपण आग्रहानं पाजतो. अंगावर पिणारं लेकरू आपणहून तोंड सोडतं. त्याला सोडू द्यावं.

आपल्या मुलखात याला फार महत्त्व आहे, आणि ते पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामामुळे मला कळलं. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची मुलं पाहिली. तिथली लेकरं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बारीक. पण त्या बारीक अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानानं राखलेली. नाळेतल्या रक्तातही वजनाच्या मानानं लेप्टिन, इन्सुलिन जास्त. अशा लेकराला “गुटगुटीत कर” म्हणून साखरेचं, भुकटीचं दूध रेटलं, तर वजन चढेल ते चरबीचं, आणि पुढे मधुमेहाची वाट सोपी होईल. सव्वादोन किलोचं लेकरू घेऊन घाबरलेल्या आजीला मी सांगते: वजन वाढू दे, पण त्याची लांबीही मोजू या. आणि ते मोजताना आईचा दंडही मोजू या.

८. गोळी कोणती, ते विचारावं

तीन महिन्यांची बाळंतीण, दूध एकाएकी घटलेलं. बाकी सगळं ठीक. शेवटी उशीखालून गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट निघालं. नवऱ्यानं मेडिकलमधून आणून दिलेलं. इस्ट्रोजेन असलेली ही साधी गोळी दूध घटवते. पहिले सहा महिने ती पाजणाऱ्या आईनं घेऊ नये. तांबी, अंतरा इंजेक्शन, छाया गोळी हे सरकारी दवाखान्यातले पर्याय दुधाला बाधत नाहीत. आणि दिवस-रात्र निव्वळ अंगावर पाजणं चालू असेल, पाळी आली नसेल, लेकरू सहा महिन्यांच्या आत असेल, या तिन्ही गोष्टी असतील तर पाजणंच ९८ टक्के राखण करतं. तिन्हींतली एक सुटली की राखण सुटली.

९. म्हशीच्या इंजेक्शनचा प्रश्न

एका किशोरी मेळाव्यात नववीतल्या मुलीनं विचारलं, “बाई, म्हशीला पान्ह्याचं इंजेक्शन देतात. ते दूध पिऊन पोरी लवकर मोठ्या होतात म्हणे. खरं का?” ते इंजेक्शन ऑक्सिटोसिनचंच. नऊ अमिनो आम्लांची ती छोटी साखळी, आपल्या पोटात पचून जाते. मुली त्यानं लवकर वयात येतात याला आधार नाही. पण म्हशीवर तो जुलूम आहे आणि बेकायदाही. मुलगी खाली बसली नाही. “मग आईच्या दुधातलं हार्मोन लेकराच्या पोटात पचत नाही का?”

एवढा नेमका प्रश्न मला कुठल्याच प्रशिक्षणात कुणी विचारला नव्हता. मी घरी जाऊन वाचलं आणि पुढच्या महिन्यात उत्तर घेऊन गेले. नवजात लेकराच्या जठरात आम्ल कमी असतं, आतड्याची वीण अजून सैल असते, दुधातच काही प्रथिनं अशी असतात की ती पचनाला अडवतात. त्यामुळे काही हार्मोन्स टिकतात. आणि इन्सुलिनसारखी काही तर रक्तात न जाता आतड्यातच काम करतात. मोठ्या माणसाचं पोट वेगळं. ती मुलगी आता नर्सिंग करते आहे.

१०. आटलेला पान्हा परत येतो

मुखेड, कंधार, लोहा, इकडे जळकोट, अहमदपूर, या भागातून दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई गेली नाही तर अर्धाच कोयता. म्हणून चार महिन्यांचं लेकरू घेऊनही ती जाते.

अशा एका बाईला मी निघण्याआधी भेटले होते. लेकरू भरलेलं, वळ्या पडलेलं. चैत्रात टोळी परतली आणि अंगणवाडीत त्याचा दंड मोजला, तर घेर लाल पट्टीवर. ती सांगू लागली. पहाटे चारला फडात जायचं, लेकरू कोपीत सात वर्षांच्या बहिणीपाशी. एक खाडा झाला की पैसे कापायचे. “दुसऱ्या कुणाचं लेकरू फडात रडलं तरी माझी चोळी भिजायची, बाई. हातात कोयता आन् दूध मातीत. मग हळूहळू भिजायचीच बंद झाली.” दुसऱ्याच्या लेकराचं रडणं ऐकूनही पान्हा फुटतो, हे खरं आहे. ऑक्सिटोसिनला कान असतात. आणि रोज बारा तास दूध अंगातच राहिलं तर ते आटतं, हेही खरं आहे.

तिनं विचारलं, “येतो का वो आटलेला पान्हा परत?”

येतो, म्हणाले मी, पण लेकरानं ओढत राहायला हवं, दूध नसतानाही. लेकरू दहाव्या महिन्यात होतं, त्याला अंडं, वरण-भात, तूप घालून भाकरीचा काला, पोषण आहार हे सगळं सुरू केलं. पण दर दोन तासांनी छातीला लावायचंच, रात्रीसुद्धा. सासूला सांगितलं, की पंधरा दिवस हिला पाण्याला, सरपणाला पाठवायचं नाही. सासूही कोयत्यावर गेलेली बाई. ती म्हणाली, “माझ्याच्यानं झालं न्हाई, तिच्याच्यानं हू द्या.” आणि घागर तिनं उचलली.

मी रोज संध्याकाळी जात होते. पहिले सहा दिवस काहीच नाही. लेकरू चिडायचं, ती चिडायची. सातव्या दिवशी दाबल्यावर एक पांढुरका थेंब. नवव्या दिवशी आम्ही ओट्यावर बसलो होतो, लेकरू आजीच्या मांडीवर झोपलेलं. पलीकडच्या घरात कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. ती बोलता बोलता थांबली, आणि तिनं आपल्या चोळीकडे पाहिलं.